हेलकाव्याचं घराणं

शिकागोचा गिटारवाला होझिया बेट्स रविवारी लंडनच्या कडेच्या किंग्स्टनला येणार, आणि तोही आपल्याच पबच्या मागच्या खोलीत वाजवायला, हे कळल्याबरोबर नॉर्मन विक्सने डग टिंडलला निरोप पाठवला. "ये. अगदी पुढे उभा राहा. तुझ्यासाठीच बोलावतोय असं समज."

निरोप नेणारा लेन, म्हणजे नॉर्मनच्या बँडचा ड्रमर, बघतच राहिला. "अरे, ज्याचं नाव काढलं की तू भरला ग्लास टाकून उठतोस, त्याला आवतण?"

"हो," नॉर्मन म्हणाला. "लग्नाचं नाही, पंचनाम्याचं."

साल अडुसष्ट. त्या काळात टेम्सच्या या काठाला दर चौथ्या घरात एक पोरगा गिटार घेऊन बसलेला असायचा, आणि आपण मिसिसिपीच्या चिखलात जन्मलो नाही याचं त्याला मनापासून दुःख असायचं. बाप बँकेत, आई चर्चच्या जत्रेत केक विकतेय, आणि चिरंजीव वरच्या खोलीत अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं, कापूस वेचून पाठ मोडल्याचं गाणं म्हणताहेत. आता याला काय म्हणायचं! पण वाजवायचे मात्र जीव ओतून, हे कबूल केलं पाहिजे. कोण कुणाकडून काय उचलतो याला ताळतंत्र नव्हता. एकाने काल वाजवलेली जागा आज दुसऱ्याच्या बोटात, परवा तिसऱ्याच्या रेकॉर्डवर. भर मंगळवारी खोलीत जाऊन बघावं, तर पुढच्या दोन रांगांत गाणं ऐकायला आलेला एकही नाही, सगळे गिटारवाले, आणि सगळ्यांचे डोळे वाजवणाऱ्याच्या डाव्या हातावर.

आणि आमच्या त्या खोलीचा एक अलिखित कायदा होता. जे काही वाजवाल ते शिकागोहून आलेलं पाहिजे, नाहीतर त्याच्याही खालून, दक्षिणेतून. अमक्या म्हाताऱ्याच्या अमक्या रेकॉर्डवर आहे असं सांगता आलं की मान मिळायचा. "हे मी स्वतः काढलं" म्हणणाऱ्याकडे लोक अशा नजरेने बघत, की जणू त्याने दुधात पाणी घातल्याचं स्वतःच सांगितलंय. घराणं लागायचं, आणि घराणं तिकडचंच लागायचं.

नॉर्मनला घराणं होतं. त्याच्याकडे हेलकावा होता.

तार बोटाने वर ढकलून सूर चढवायचा, हे सगळेच करत. नॉर्मन तो चढवलेला सूर तिथेच धरून ठेवायचा आणि सावकाश झुलवायचा, घाटाला बांधलेली होडी पाण्यावर खालीवर होते तसा. घाई नाही, थरथर नाही. हा हेलकावा त्याने होझिया बेट्सच्या एका छोट्या रेकॉर्डवरून घेतला होता. बोटीवर खलाशी असलेल्या मामाने ती अमेरिकेहून आणली होती, आणि अख्ख्या लंडनमध्ये तशी दुसरी कुणाकडे नव्हती. अमेरिकेतल्या त्या छोट्या रेकॉर्डींना मधे भलंमोठं भोक असतं, आणि आपल्याकडच्या यंत्राची खुंटी बारीक. भोकात बसवायची प्लास्टिकची चकती दुकानात मिळते, पण मामा आला तो रविवार, दुकानं बंद, आणि नॉर्मनला दम कुठला! वारलेल्या बापाच्या सिगारच्या खोक्याची पातळ फळी त्याने गोल कापली, मधे भोक पाडलं, रेकॉर्डमध्ये बसवली आणि लावली. पुढे दोन हिवाळे तो त्या रेकॉर्डसमोर डोळे मिटून बसला. बोटांची सालं निघाली. शेवटी सूर डुलला तेव्हा तो रडला होता.

बेट्सचं नाव तो मानाने सांगायचा, पण कुठली रेकॉर्ड ते कळू नये म्हणून त्याने तिच्या नावावर तपकिरी कागद चिकटवला, आणि वाजवताना हेलकाव्याची जागा आली की लोकांकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. बघा म्हणावं आता काय बघायचं ते.

डगने बघितलं. डग टिंडल तेव्हा नॉर्मनचा मित्र होता. तो पुढच्या रांगेत उभाच राहिला नाही. बँडच्या मागच्या बाजूला असलेल्या बारकडे तोंड करून बिअर पीत बसायचा, आणि बारच्या बाटल्यांमागे लांबलचक आरसा होता. नॉर्मनने लोकांकडे पाठ केली की त्याची बोटं बरोबर आरशात. बिचाऱ्याला तेव्हा पत्ताच नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डगने बँड काढला, रेकॉर्ड निघाली, गाजली, डग अमेरिकेत जाऊन आला. कानामागून आला आणि तिखट झाला. तेही नॉर्मनने गिळलं असतं. पण गाण्याच्या साप्ताहिकात डगची मुलाखत आली. "तो हेलकावा? तो होझिया बेट्सचा. त्याच्या रेकॉर्डसमोर मी दिवसेंदिवस बसलो."

"अरे खोटारड्या," नॉर्मन त्या कागदावर ओरडला, "तू ती रेकॉर्ड डोळ्यांनी तरी पाहिलीस का?"

तेव्हापासून त्याचं मन त्या एका गोष्टीत अडकून पडलं होतं. त्याला ना रेकॉर्ड काढायची होती, ना अमेरिका. होझिया बेट्सने भरल्या खोलीत, डगच्या तोंडावर एवढंच म्हणायला हवं होतं, की माझा हेलकावा या पोराने उचलला, आणि त्या दुसऱ्याने याच्याकडून. दोन वाक्यं. त्यासाठी तो वाटेल ते करायला तयार होता.

रविवारी पब दुपारी दोनला बंद होतो तो सातला उघडतो, म्हणून तालीम साथ करणाऱ्या नॉर्मनच्याच घरी, जवळच सर्बिटनला ठरली. होझिया बेट्स आला तो ओव्हरकोट घालून, आणि जेवायला बसला तोही ओव्हरकोट घालूनच. उंच, पन्नाशी उलटलेला, हात फावड्यासारखे. शिकागोत तो दिवसा लाँड्रीची गाडी चालवायचा.

"बाई," तो नॉर्मनच्या आईला म्हणाला, "तुमच्या देशात मला ऊब मिळाली ती फक्त या रस्स्यात."

"घ्या ना मग अजून," एडना विक्स म्हणाल्या, आणि पावासारख्या यॉर्कशर पुडिंगवर आणखी डावभर ओतला. "नॉर्मन, तू काय असा देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखा बसलायस? जेव."

नॉर्मन काट्याने बटाटे इकडून तिकडे सारत राहिला. विषय कसा काढावा हे तो मनात घोळवत होता, तेवढ्यात बेट्सनेच सुरी-काटा खाली ठेवला.

"पोरा, एक विचारू? हसायचं नाही."

"विचारा ना, मिस्टर बेट्स."

"तुमच्याकडचा तो टिंडल. माझ्या बहिणीचा पोरगा दिवसभर त्याचीच रेकॉर्ड लावतो. तो सूर वर नेतो आणि मग असा डुलवतो." बेट्सने हात हवेत खालीवर केला. "आमचा कंपनीवाला माझ्या मागे लागलाय. म्हणतो, होझिया, पोरांना हे हवंय. आणि ही म्हणे तुझीच चीज आहे, पेपरात आलंय, मग वाजव की! मी म्हटलं, माझी? घरी जाऊन बायकोला विचारलं, काय गं, मी कधी असं वाजवत होतो का? ती म्हणाली, प्यायलेला असशील तेव्हा."

एडनाबाई हसल्या. नॉर्मन हसला नाही.

"तीन महिने झटतोय," बेट्स म्हणाला. "जमत नाही. तुला येतं का रे ते?"

"मिस्टर बेट्स," नॉर्मनचा आवाज चिरकला, "ते तुमचंच आहे. तुमच्या रेकॉर्डवर आहे. मी त्यावरूनच..."

"कुठल्या रेकॉर्डवर?"

नॉर्मनने ती आणली. तपकिरी कागद कोपऱ्यातून उचकटून नाव दाखवलं. बेट्सने मान हलवली. ही वाजवल्याचं त्याला आठवत होतं, एका दुपारी, बाहेर लाँड्रीची गाडी उभी ठेवून. नॉर्मनने सुई ठेवली आणि सवयीने डोळे मिटले. ती जागा आली. सूर वर गेला, थांबला, आणि डुलायला लागला. दरवेळेसारखे त्याच्या अंगावर काटा आला.

मग त्याला हसू ऐकू आलं. बेट्स टेबलाला धरून हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता.

"डोळे उघड, पोरा. कानांनी काय ऐकतोस, सुई बघ!"

नॉर्मनने बघितलं. सुईचा दांडा मधल्या खुंटीकडे सरकत होता आणि परत बाहेर येत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. त्याच्याबरोबर सूर डुलत होता. मागचा पियानोही डुलत होता. तो पियानो नॉर्मनने ऐकला नव्हता असं नाही; पबातला जुनाट पियानो असणार असं त्याने धरून चाललं होतं.

"मी तेव्हाच म्हणाले होते," एडनाबाई बश्या गोळा करत म्हणाल्या. "कपाट पुसताना मी बघायचे ना. म्हटलं, ती तुझी रेकॉर्ड दारुड्यासारखी चालतेय. तर माझ्यावरच खेकसला, तुला संगीतातलं काय कळतं म्हणून."

बेट्सने रेकॉर्ड उचलली, अंगठ्याने सिगारच्या फळीची चकती बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. भोक मधोमध नव्हतं. फार नाही, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं बाजूला होतं. त्याने आपल्या गिटारच्या पेटीतून प्लास्टिकची चकती काढून रेकॉर्डमध्ये बसवली, पुन्हा लावली. ती जागा आली. सूर वर गेला आणि काठीसारखा सरळ उभा राहिला. चांगला होता. पण हेलकावा त्यात कुठे नव्हताच.

"हा मी," बेट्स म्हणाला. "आणि मघाचा तो तू."

नॉर्मन खुर्चीवर बसला. त्याला लाज वाटली, आणि ती नुसती लाज नव्हती. आपण ज्याला बाप म्हणत होतो तो आपला कुणीच नव्हे असं कळल्यावर वाटेल तसं काहीतरी होतं. दोन हिवाळे तो एका होझिया बेट्सकडून शिकला होता, आणि तो होझिया बेट्स जगात कधी नव्हता. एक वाकडी चकती होती. ती कापलीही त्यानेच. आणि तिच्या तालावर अर्धं लंडन डुलत होतं.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "प्लीज."

"का? बाबा रे, तू नवी चीज काढलीस! आमच्याकडे असल्या पोराला लोक खांद्यावर घेतात."

"आमच्याकडे घेत नाहीत. आमच्याकडे हसतात."

बेट्सने गिटार मांडीवर घेतली. "बरं, आधी शिकव तर खरं. तू शिकवल्याशिवाय मी इथून उठत नाही. बाई, चहा टाका."

आणि नॉर्मनने शिकवलं. पहिल्यांदाच त्याने कुणाला तरी बोटं नीट दाखवली. तार कुठे धरायची, कितपत ढकलायची, ढकलल्यावर जोर कुठे सोडायचा आणि परत कधी घ्यायचा. बेट्स खाली वाकून बघत होता, एखादा शिकाऊ बघतो तसा, आणि न लाजता विचारत होता, "परत दाखव. अं हं, सावकाश." नॉर्मनला दोन हिवाळे लागले होते. बेट्सने चहा निवायच्या आत ते पकडलं. पण बोटाने नाही. त्याने सगळं मनगट फिरवलं, किल्ली फिरवावी तसं, आणि सूर जो डुलला तो नॉर्मनच्यापेक्षा रुंद डुलला. नॉर्मनने खाली बघितलं. हेवा वाटला, आणि बरंही वाटलं. आजवर त्याच्याकडून लोकांनी नेलं होतं ते आरशातून. समोर बसून मागून घेणारा हा पहिलाच.

"आज रात्री वाजवणार मी हे," बेट्स म्हणाला. "आणि तुझं नाव घेणार."

"नको, मिस्टर बेट्स."

"ऐक. मला माझ्या मामाने गिटार शिकवली. मारायचा फार. पण एक सांगायचा, दुसऱ्याचं घेतलंस तर खुशाल घे, पण तोंडाने नाव घे. नाही घेतलं तर हात झडतील. मला गाडी चालवायला हात लागतात."

पबपर्यंत गिटारी उचलून चालत जाताना नॉर्मन विचार करत होता. नाव घेतलं तर फळीची गोष्ट निघणार. खोली हसणार. हेलकावा शिकागोचा नाही, सर्बिटनचा, हे उद्या सगळ्या क्लबांत पसरणार आणि चीजच बुडणार. पण डग समोर उभा असणार. आणि होझिया बेट्स आपल्या तोंडाने म्हणणार, की हे या पोराचं. त्याने मागितलं होतं त्याहून जास्तच. पबच्या दाराशी त्याने बेट्सची बाही धरली.

"घ्या नाव," तो म्हणाला. "हसले तर हसले. फळीचंसुद्धा सांगा. सगळं सांगा."

"शाब्बास," बेट्स म्हणाला.

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. डग आला होता, मखमली कोट घालून, आणि लोकांनी त्याला वाट करून दिली होती. तो अगदी पुढे उभा राहिला. एडनाबाईंना लेनने भिंतीकडेला खुर्ची मिळवून दिली. बेट्सने दोन-तीन गाणी वाजवली, जुनी, सरळ, आणि लोक खूश होते. मग एका जागेवर त्याने सूर वर नेला, धरला, आणि मनगट फिरवलं.

खोली थिजली. तो सूर डुलत होता आणि लोक श्वास घ्यायचे विसरले होते. डगचे डोळे त्या मनगटावरून हलेनात. गाणं संपल्यावर जो काही गलका झाला तो थांबायलाच तयार नव्हता. बेट्सने हात वर केला.

"थांबा. हे जे आत्ता वाजवलं ना, ते माझं नाही. आज दुपारी शिकलो. या पोराच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर, या पोराने शिकवलं." त्याने नॉर्मनच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या रेकॉर्डमध्ये याने वाकडी चकती बसवली, म्हणून माझा सूर डुलला, आणि याला वाटलं मीच डुलवतोय. तुम्ही सगळे जे वाजवताय ते याचं आहे. नॉर्मन विक्स. नाव लक्षात ठेवा."

नॉर्मनने गिटारचा पट्टा घट्ट धरला.

मग खोली हसायला लागली. पण त्याला भीती होती तसं नाही. प्रेमाने हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, मागून कुणीतरी ओरडलं, "वाकडी चकती! वा, मिस्टर बेट्स!" एकाने डोळे पुसले. बेट्स पुन्हा म्हणाला, "मी खरं सांगतोय," तर आणखी मोठा हशा.

मध्यंतरात डग नॉर्मनकडे आला आणि त्याने त्याला मिठीच मारली. मधली सगळी अढी विसरून. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"काय माणूस आहे रे! केवढा मोठा, आणि साथीला असलेल्या पोराला अख्खं श्रेय देऊन मोकळा. याला म्हणतात मोठेपण. आपण सगळे चोर लेकाचे."

"डग," नॉर्मन म्हणाला, "तो खरं सांगत होता."

"हो रे हो," डगने त्याची पाठ थोपटली. "तू साधा आहेस, तुला पटणारच."

"खरंच आहे ते," भिंतीकडून एडनाबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर झालं. मी चहा केला."

"मिसेस विक्स, तुम्ही आई आहात, तुम्ही म्हणणारच," डग गोड हसला. मग नॉर्मनच्या कानाशी वाकला. "पण एक सांगू, राग मानू नकोस. आज खरा हेलकावा ऐकल्यावर कळलं. तुझा कधी तसा वाजलाच नाही. माझाही नाही. आपण बोटाने करत होतो. ते मनगटात आहे. बघितलंस ना?"

नॉर्मनने खोलीकडे बघितलं. कोपऱ्याकोपऱ्यात पोरं उभी होती आणि सगळी हवेत मनगटं फिरवत होती.

"बघितलं," तो म्हणाला.

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! त्याने मागितलं होतं ते त्याला मिळालं होतं, शब्दन्‌शब्द, भरल्या खोलीत, डगच्या तोंडावर. याहून जास्त कुणी काय करणार?

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर निरोप घेताना बेट्स ओशाळला होता. "मी सांगितलं रे पोरा. त्यांनी घेतलं नाही."

"तुमची काही चूक नाही, मिस्टर बेट्स."

"एक मागू? ती फळीची चकती देतोस? घरी सरावाला लागेल. मी सरळ वाजवायला लागलो की ती लावून ऐकेन."

नॉर्मनने खिशातून काढून दिली. बेट्सने ती रुमालात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. अशा रीतीने हेलकाव्याचं घराणं शेवटी शिकागोला गेलं.

पुढच्या आठवड्यात खोलीत पुन्हा नॉर्मनचा बँड होता. दुसऱ्याच गाण्याला मागून हाक आली, "नॉर्मन, ते बेट्सचं होऊ दे!" लेनने त्याच्याकडे बघितलं. नॉर्मनने मान डोलावली आणि सुरू केलं. ती जागा जवळ आली तेव्हा पाय सवयीने वळायला निघाले, पण त्याने ते थांबवले. तोंड लोकांकडे, हात उजेडात, आणि आपल्या जुन्या पद्धतीने, बोटाने, त्याने सूर वर नेला आणि डुलवला. आता कुणीही बघावं. बघणारं कुणी नव्हतं. पुढच्या दोन्ही रांगा बेट्सचा तो सूर आठवत डोळे मिटून उभ्या होत्या.